दादाची फाइल घेऊन अकोल्याला गेले तेव्हा

गेल्या मंगळवारी मी शिकवते त्या शाळेतून सुट्टी काढून अकोल्याला गेले. घराजवळच्या राजापेठहून ऑटो, मग एसटी... मांडीवर दादाची जाडजूड फाइल.

दादा माझा मोठा भाऊ. बाबांना होता तोच मेंदूचा आजार त्याला झाला... आनुवंशिक, फार थोड्या घरांत आढळणारा. पण दादा गेला तो न्यूमोनियाने. दवाखान्यात भरती असतानाच छातीत इन्फेक्शन झालं. बाबा आणि आई त्याच्या आधीच गेले होते. आता घरी मी एकटी.

अकोल्याच्या एका हॉस्पिटलात यावर संशोधन चालू आहे. या पेशंटना घास नीट गिळता येत नाही, मग भरती केल्यावर फुप्फुसात इन्फेक्शन होतं, ते कसं टाळायचं... त्यासाठी जुन्या फाइली हव्या होत्या.

तिथल्या डॉक्टर माझ्याहून लहान. त्यांनी संमतीचा फॉर्म समजावला, कागदावर आमचं कुटुंब काढलं. बायकांचे गोल, पुरुषांचे चौकोन, गेलेल्यांवर तिरकी रेघ. माझा गोल तेवढा रिकामा.

"ताई, तुमची टेस्ट करायची का? घाई नाही. नको म्हणालात तरी चालेल."

मलाही तो आजार असण्याची शक्यता निम्मी, हे कॉलेजपासून माहीत आहे. म्हणून तर लग्नाला नाही म्हणत आले... कारण कुणालाच सांगितलं नाही. "विचार करते," म्हणाले आणि बाहेर बाकावर येऊन बसले.

तेवढ्यात परतवाड्याचं एक जोडपं आलं. नवरा झोकांड्या देत चालत होता, हात आपोआप उडत होते. समोरचे लोक सरकून बसले. बायको माझ्या शेजारी टेकली आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "पेत नाहीत हो हे... बिमारी आहे त्यायले."

"माहीत आहे मला. माझा भाऊ असाच चालायचा."

आमच्या चौकात दादाला बेवडा म्हणायचे. 'पीत नाही तो, आजार आहे' हेच वाक्य आई शेवटपर्यंत प्रत्येकाला सांगत राहिली... दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मले वाटे, आमच्याच घरी आहे हे..." म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मीही रडले. दादा गेला तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते.

"काहून रडून राहिली तू?" नवऱ्याने जड जिभेने विचारलं.

"काही नाही. ताई भेटली."

मग कितीतरी वेळ आम्ही जेवणाबद्दलच बोललो. ताठ बसवायचं, घास लहान द्यायचा, पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही. हे मला फार उशिरा कळलं होतं... तिला वेळेत सांगता आलं.

टेस्टचं अजून ठरलेलं नाही. भीती वाटते.

काल त्या परतवाड्याच्या बाईचा फोन आला. "ताई, आज पुरं जेवले, ठसका नाही लागला." एवढंच बोलली. दादा गेल्यापासून असं घरातलं काही मला फोन करून कुणी सांगितलं नव्हतं... बाई गं, तुझे आभार कसे मानू?