दिल्लीला गेलेलं पत्र

दादाला जाऊन तीन महिने झाले. त्याच्याविषयी लिहायला बसलो की आधी दुःख येत नाही, हेवा येतो. लाज वाटते, पण तेच खरं आहे.

दादा कवठे महांकाळकडे द्राक्षबाग करायचा, बेदाणा तयार करायचा. मी साताऱ्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो. परदेशातला स्वस्त बेदाणा बाजारात उतरू लागला तेव्हा बागायतदारांनी मला बोलावलं. मी त्यांना समजावलं, की आयात शुल्क हा दिल्लीचा विषय. राज्य सरकार फक्त शिफारस करू शकतं. पण राज्याने नेट लावला तर दिल्लीला निदान कागद उघडावा लागतो.

दादा म्हणाला, "मग राज्याला नेट लावायला लावू की. तू लिही रं."

दोन आठवडे खपून मी आठ पानी टिपण केलं. दुसऱ्या राज्यांनी आपापल्या पिकांसाठी दिल्लीकडे काय मागितलं, बाहेरचा माल कुठल्या वाटेने येतो, शुल्क कोणत्या महिन्यांत वाढवलं तर उपयोग होईल, सगळं त्यात होतं. इतकं चांगलं मी दुसरं काही लिहिलेलं नाही.

सांगलीच्या विश्रामगृहात राज्याचे मंत्री भेटले. त्यांनी पहिलं पान चाळून टिपण शेजारच्या अधिकाऱ्याकडे सरकवलं. मी बोलणार, तेवढ्यात दादाने पिशवीतून मूठभर बेदाणा काढला. सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, व्यापारी करतात तसा मुठीत दाबला आणि मूठ उघडली. दाणा न् दाणा सुटा. "बघा सायेब, चिकटतोय का?" मंत्र्यांनी चार दाणे तोंडात टाकले. सौद्यात नमुना पाहून झाला की व्यापारी तो उधळून देतात. आपला माल असा पायदळी जातो म्हणून दादा त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडला होता. त्या दिवशी त्याने स्वतःच मुठीतला बेदाणा उधळला, मंत्र्यांच्या फायलींवर आणि चहाच्या कपात.

अधिकारी घाईने फायली झटकू लागला. मग मंत्रीच हसत सुटले आणि अधिकाऱ्याला म्हणाले, दिल्लीला शिफारशीचं पत्र याच आठवड्यात गेलं पाहिजे.

गेलं. दिल्लीहून पोच आली, निर्णय अजून नाही. पत्राची प्रत मी नंतर पाहिली. त्यातले तीन परिच्छेद माझे होते, स्वल्पविरामांसकट. तालुक्यात मात्र ते दादाचं पत्र झालं. तो एकदा कुणासमोर तरी म्हणेल, लिहिलं यानं, याची मी वाट पाहिली. दिवाळीला पाहिली, आणि शेवटच्या आठवड्यात त्याच्या उशाशी बसूनही पाहिली. तो म्हणाला नाही. त्याच्या ध्यानातही नसावं, आणि तेच मला जास्त लागलं.

दहाव्याला घाटावर बागायतदार जमले होते. उधळणीची गोष्ट निघाली. एकजण माझ्याकडे वळला. "सर, तुमी बी हुता न्हवं तवा आत? तुमी काय केलं?"

सांगायची हीच वेळ होती. नाही म्हणायला आता दादा नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझे तीन परिच्छेद मला तोंडपाठ होते.

"बेदाणं गोळा केलं," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. टेबलाखाली गुडघ्यांवर बसून मी ते रुमालात भरले होते. लोक हसले. हसता हसता एका म्हाताऱ्याने उपरण्याने डोळे टिपले, दादासाठी. मी त्याच्याकडेच बघत राहिलो.