धुऱ्यापलीकडची वर्दी

शेजारच्या अंगणात दोरीवर खाकी वर्दी वाळत घातली की मी आमचं पुढचं दार लोटून घेतो. बायको म्हणते, घरात अंधार होतो. होऊ दे. ती वर्दी मला बघवत नाही, आणि ही गोष्ट मी कधी लपवलेलीही नाही.

बोरीच्या शिवारात आमचं रान आणि त्यांचं रान यांच्यामध्ये फक्त एक धुरा, म्हणजे बांध. त्यांचा पोरगा आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. पोलीस भरतीची तयारीही सोबतच केली. गोळा तो माझ्यापेक्षा लांब फेकायचा, पण पळताना त्याला माझी पाठच दिसायची. हे मी आजही लोकांना सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी.

भरतीच्या आधीच्या उन्हाळ्यात धुरा कोरण्यावरून दोन्ही घरांत काठ्या निघाल्या. दोन्ही घरं ठाण्यात गेली. आमच्याकडची रीत अशी की भांडण कुणाचंही असो, फिर्यादीत आधी शिकणाऱ्या पोराचं नाव घालायचं. त्याची नोकरी अडली की अख्खं घर वठणीवर येतं. मी त्या दिवशी परभणीला अभ्यासिकेत होतो आणि तो बहिणीच्या गावी. पण दोघांची नावं लागली. त्याच्यावर माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची फिर्याद, माझ्यावर त्याच्या वडिलांची.

पुढं गावानं मारुतीसमोर बसवून फैसला केला. नारळ फुटला, चहा झाला, बोलणं सुरू झालं. मग एके दिवशी त्याचे वडील आमच्या दारात आले. आमच्या आबांना म्हणाले, "जिंतूरला लोकअदालत हाय. तुमी येऊन सही केली की पोरावरची केस मिटती."

आबा धुतलेलं धोतर नेसून गेले. संध्याकाळी परतले ते खुशीत.

"मिटलं सगळं," म्हणाले. "भजे बी त्यांनीच चारले."

भरतीत आम्ही दोघंही निवडले गेलो. गुण माझे जास्त होते. मग चारित्र्य पडताळणीचा अर्ज आला. त्यात विचारलं होतं, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? त्यानं लिहिलं, होता, तडजोडीनं मिटला, आणि कोर्टाचा कागद जोडला. मी लिहिलं, नाही. गावानं नारळ फोडलेला, आबा कोर्टात जाऊन आलेले, मग उरलं काय? उरलं होतं ते हे की आबांच्या सहीनं फक्त त्याची केस मिटली होती. माझी जशीच्या तशी चालू होती. वर मी माहिती लपवली असं ठरलं आणि माझं नाव यादीतून गेलं.

घरी मी आबांना सांगितलं, डॉक्टरी तपासणीत छाती कमी भरली. त्यांनी मला वर्षभर रोज दूध पाजलं.

सध्या मी मानवतला जिनिंगवर कापसाच्या गाड्या उतरवून घेतो. तिथंही पडताळणीचा दाखला मागत होते, ओळखीनं भागलं. त्याच्या पगाराचा मला हेवा वाटतो, मोटारसायकलचा वाटतो, गावातली म्हातारी माणसं त्याला साहेब म्हणतात याचा तर फारच वाटतो. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो त्याच्या बापावरून. कोर्ट कशाला म्हणतात हे कळणारा बाप त्याला मिळाला, आणि मला दूध पाजणारा.

पहिल्या सुट्टीला तो पेढे घेऊन आमच्याकडे आला. आबांच्या पाया पडला.

"काका, तुमी त्या दिवशी सही केली म्हणून झालं बगा."

"लय मोठा हो," आबा म्हणाले. त्याच्या डोक्यावरचा हात मात्र त्यांनी काढलाच नाही. थोड्या वेळानं विचारलं, "मंग आमच्या पोराची बी केस होती की. ती मिटवायला कुणाची सही लागत होती?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली, बोलू नको म्हणून. पण इतकी वर्षं सोबत राहूनही त्याला माझी खूण कळली नाही, की कळूनही खोटं बोलवलं नाही, देव जाणे.

"आमच्या बाबाची," तो म्हणाला.

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची मला किती हौस होती! मी मनात कितीदा तरी त्याला पारावर उभं करून, चार माणसांत ते वदवून घेतलं होतं. त्या चार माणसांत आबा कधीच नव्हते.

आबांनी पेढा तोंडात घातला नाही आणि खालीही ठेवला नाही.

"जिंतूरला मी दिवसभर ह्याच्या बापाच्या बाजूलाच बसलो व्हतो की रे," ते मला म्हणाले. "नुसतं म्हणलं आसतं, तर त्यानं बी सही केली आसती."