एक्केचाळीस चपला, चार रकाने

२२ नोव्हेंबर १९९४, मंगळवार, सकाळचे आठ वाजून पंचवीस मिनिटे. स्टेशन डायरीतील ही नोंद माझ्या अक्षरातील आहे, आणि निवृत्तीनंतरही ती आठवण्यासाठी मला डायरी उघडावी लागत नाही. माजलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका फाट्यावर एसटी आणि प्रवासी जीपची धडक झाल्याची खबर एका ट्रकचालकाने ठाण्यात येऊन दिली. जीपमधील एक वृद्ध जागीच ठार झाला होता. जखमी किती, हे त्याला सांगता आले नाही.

उपनिरीक्षक म्हणून रुजू होऊन मला आठ महिने झाले होते. त्याआधी मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले होते, आणि मोजल्याशिवाय बोलायचे नाही ही सवय तिथूनच आली होती. ठाण्यात आल्याबरोबर मी एक वही सुरू केली. त्यात एसटी, जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टर-ट्रॉली असे चार रकाने होते. आमच्या हद्दीत कोणत्या वाहनातून प्रवास करताना किती माणसे दगावली, याची नोंद मी मागील गुन्हा रजिस्टरांवरून उतरवून काढली होती. एसटीचा रकाना जवळजवळ रिकामा होता, जीपचा भरलेला. प्रवाशांची संख्या विचारात घेऊनही निष्कर्ष बदलत नव्हता. मला त्या वहीचा अभिमान होता.

घटनास्थळी जखमींना आधीच दवाखान्यात हलवले होते. एसटी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी होती, पुढचा उजवा कोपरा चेपलेला. जीप खड्ड्यात उलटली होती. पंचनाम्यात मी काचांची जागा, मडगार्डखालून गळून पडलेल्या वाळक्या चिखलाची जागा आणि एसटीच्या ब्रेकची खूण नोंदवली. ती खूण जेमतेम तीन पावलांची होती. मग जीपभोवती विखुरलेल्या चपला गोळा करायला सांगितले.

आमचे हवालदार सव्वीस वर्षे नोकरी झालेले. ते म्हणाले, "मॅडम, चपला काहून मोजताय? दुकान टाकायचं हाय का?"

"जोड्या लावा, हवालदार."

"लावतो. आई-बापानं यासाठीच पोलिसात घातलं व्हतं मला."

चपला एक्केचाळीस निघाल्या. सतरा जोड, आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या सात. म्हणजे किमान चोवीस माणसे. जे पायात घालून गेले ते वेगळे.

दुपारपर्यंत जबाब आले. जीपमध्ये नऊच प्रवासी होते. एसटी भरधाव आली, हॉर्न दिला नाही, चुकीच्या बाजूने आली. सात जणांचे सात जबाब, शब्दही तेच आणि क्रमही तोच. खरे पाहिलेली माणसे इतकी एकमताने बोलत नाहीत. एक आवाज सांगतो, दुसरा धूळ सांगतो, तिसऱ्याने डोळे मिटलेले असतात.

तरीही जबाब ते जबाबच. एसटीचालकावर कलम २७९ आणि ३०४-अ अन्वये, बेदरकार गाडी चालवून मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेला माणूस. बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला होता. मला म्हणाला, "मॅडम, बावीस वर्षांत माझ्या गाडीखाली कोंबडी आली न्हाई. आता सात माणसं सांगतेत म्हटल्यावर मी काय सांगू?"

मी वही घेऊन निरीक्षकांकडे गेले. त्यांनी रकाने शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "एसटी कमी मारते, मान्य. पण आज सकाळी तिनं मारलं नाही हे यातून सिद्ध होतं का?"

होत नव्हते. सरासरी ही कोणाचीही साक्षीदार नसते, हे विज्ञान शिकलेल्या मुलीला एका पदवीधरही नसलेल्या अधिकाऱ्याने शिकवले.

पहिला धागा वाहकाने दिला. धडक बसली तेव्हा तो तिकीट फाडत होता. तिकिटांच्या गठ्ठ्याला एक तिकीट अर्धवट फाटून लोंबत होते आणि ते छिद्र पाडलेले होते, म्हणजे प्रवासी नुकताच चढलेला. विचारल्यावर कळले, की फाट्याअलीकडच्या थांब्यावर एक म्हातारी चढली होती. मी ते अंतर चालून मोजले. साठ पावले. थांब्यावरून निघालेली भरलेली बस साठ पावलांत भरधाव होऊ शकत नाही, हे सांगायला एम.एस्सी. लागत नाही. काचा आणि चिखलही रस्त्याच्या एसटीच्याच बाजूला पडले होते. पण जीप त्या बाजूला का गेली, हे आतल्या माणसाशिवाय कोणी सांगू शकत नव्हते.

अंबाजोगाईच्या रुग्णालयात मी एका बाईंना गाठले; सातांपैकी एक जबाब त्यांचा होता. वय पन्नाशीचे, हात प्लास्टरमध्ये. जीपमध्ये त्या मधल्या सीटवर, चालकाच्या अगदी मागे बसल्या होत्या.

"मावशी, जीपमध्ये किती जण होते?"

"नऊ."

"नऊ जणांच्या एक्केचाळीस चपला?"

त्या म्हणाल्या, "आमच्या गावात लोक एक जोड पायात घालतेत अन् दोन पिशवीत ठेवतेत."

मला हसू आवरले नाही, त्यांनाही नाही. मग मी एसटीचालकाबद्दल सांगितले, आणि वही उघडून रकाने दाखवले. तुम्ही ज्या गाडीला वाचवत आहात तीच माणसे मारते, असे स्पष्ट म्हणाले.

त्यांनी वही बराच वेळ पाहिली. त्यांना वाचता येत होते, हे मी गृहीत धरले नव्हते.

"एसटी चांगलीच हाय. कोण न्हाई म्हणतंय? पर रस्ता उखडला तवापासून ती आमच्या गावात येते कुठं? माझी थोरली सून बाळंतपणाला अडली. तवा जीप बी येत नव्हती. बैलगाडीत घालून निघालो. फाट्यावर पोचलो अन् तिथंच गेली." त्यांनी चांगल्या हाताचे बोट वहीवर ठेवले. "ती यात कोणत्या रकान्यात हाय?"

ती कोणत्याच रकान्यात नव्हती. बैलगाडीला अपघात झाला नव्हता, गुन्हा नोंदला गेला नव्हता. माझ्या मोजमापात ती मेलेलीच नव्हती.

"धाकटीला आठवा लागलाय," त्या म्हणाल्या. "जीपवाल्याइरुद्ध बोलले तर जीपा बंद व्हतील. मग हिला काय पाठीवर नेऊ?"

सातही जबाबांचा अर्थ तेव्हा उलगडला. कोणी धमकावले नव्हते. गावाने हिशेबीपणे एक वाहन वाचवले होते आणि त्यासाठी एक अनोळखी माणूस द्यायचे ठरवले होते.

मी म्हणाले, "मावशी, तुमच्या गावात बस आणीन असं वचन देत नाही, ते माझ्या हातात नाही. जीप बंद होऊ देणार नाही, एवढं हातात आहे." आणि त्यांच्यासमोर पाचवा रकाना आखून वर लिहिले: वाहन मिळाले नाही. त्याखाली पहिली नोंद त्यांच्या थोरल्या सुनेची केली.

"त्या एसटीवाल्याला लेकरं किती?"

"दोन मुली. धाकटीचं लग्न व्हायचंय."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "लिहा. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला बी एक माणूस बसला व्हता. ड्रायव्हर निम्मा तिरका. डावीकडं वळायचं व्हतं, पर कोपरच हलंना, चाक फिरंना. जीप गेली सरळ पल्याड. एसटी तर उभीच व्हती म्हणा ना."

त्या जबाबानंतर बाकीचे सहा दोन दिवसांत सरळ झाले. जीपचालकाने पाय प्लास्टरमध्ये असतानाच कबुली दिली. एसटीचालकाचे नाव आरोपी म्हणून वगळण्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि तो मंजूर झाला. कळल्यावर त्याने टोपी डोक्यावर घातली, एवढेच.

बाईंना वाटत होते तेच पुढे झाले. चौथ्या दिवशी जीपांनी गावात जायचे थांबवले. मी सर्व मालकांना ठाण्यात बोलावले. एक जण म्हणाला, "मॅडम, एकीकडं केस करता, अन् दुसरीकडं गाड्या चालवा म्हणता."

"उजव्या हाताला माणूस नाही, टपावर माणूस नाही, आणि गावाची फेरी चुकवायची नाही. यातलं एकही मोडलं तर गाडी इथे उभी राहील. चपला मोजायला आमचे हवालदार आहेत."

"लई बारीक मोजतो बरं का मी," हवालदार मागून म्हणाले.

जीपा सुरू झाल्या. धाकटी सून पौषात त्याच रस्त्याने जीपमधून अंबाजोगाईला गेली आणि मुलगी घेऊन परतली. दरम्यान गावोगाव विचारून भरलेल्या पाचव्या रकान्यासह माझा तक्ता मी वरिष्ठांमार्फत रस्त्याच्या आणि बसच्या कार्यालयांकडे पाठवला. खड्डे बुजले, सकाळची बस सुरू झाली. माझ्या तक्त्याने किती झाले आणि गावकऱ्यांच्या हेलपाट्यांनी किती, हे मला वेगळे करता आलेले नाही.

पुढे अनेक ठाणी केली, मोठे तपास केले. प्रत्येक ठिकाणी आकडेवारी समोर आली, की मी आधी विचारत असे: यात कोण मोजलेच गेलेले नाही? कनिष्ठ अधिकारी या प्रश्नाला कंटाळत. पण सुरक्षित वाहन कोणते हे ठरवताना न आलेले वाहनही मोजावे लागते, आणि हे मला ज्यांनी शिकवले त्या तेव्हा पोलिसांशी खोटे बोलत होत्या.

ती वही अजून माझ्याकडे आहे. बदलीच्या दिवशी मी ती बंद केली. पाचव्या रकान्यात बदलीच्या वर्षासाठी बाईंच्या गावासमोर शून्य आहे. पण बेरीज गावाची नव्हे, हद्दीची करायची असते. तळाशी लाल शाईत मी केलेली शेवटची नोंद, त्याच वर्षी इतर गावांत वाहन न मिळून गेलेली माणसे: चार.