सुपारीनं तोललेलं गाणं

आमच्या साडूंइतका कोमल मनाचा माणूस निपाणीत दुसरा झाला नाही, आणि त्या कोमलपणापायी पाहुण्यांना उपाशी झोपवणाराही झाला नसेल. धंदा तंबाखूचा, घराणं जैनाचं आणि वेड ग्रामोफोनचं. सारं गाव त्यांना आप्पा म्हणे. पाणी गाळून पिणारा, वाटेत मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालून जाणारा हा माणूस तबकडीवर पोलादी सुई टेकवायची म्हटली की कासावीस व्हायचा. "तबकडीत जीव न्हाय म्हंता मास्तर? मग गाती कशी?" असं त्यांनी एकदा विचारलं, आणि बेळगावच्या शाळेत आयुष्यभर पोरांना गप्प बसवणारा मी तबकडी उलटीपालटी करून बघायला लागलो. दुसऱ्या महायुद्धात सुया मिळेनाशा झाल्या तेव्हा बाकीचे शौकीन हळहळले. आप्पा मात्र केव्हापासूनच बाभळीचे काटे तासून वापरत होते.

पण काटा बसवला की झालं, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आप्पांना ओळखत नाही. त्यांचा खरा जीव अडकला होता तो काट्याला तबकडीवर फिरवणाऱ्या त्या वाकड्या धातूच्या हातात. हात जड, त्याचं ओझं तबकडीवर, म्हणजे तिला दुखणारच! म्हणून हाताला दोरा बांधून तो वर झोपाळ्याच्या कडीतून ओवला होता आणि दुसऱ्या टोकाला सुपाऱ्या लटकवल्या होत्या. यंत्र सपाट बसलंय का ते बघायला त्यावर पाण्याची वाटी ठेवायची. पाणी अर्थातच गाळलेलं. सुपाऱ्या वाढल्या की हात इतका हलका व्हायचा की गाणाऱ्या बाईनं आवाज चढवला रे चढवला, काटा टुणकन उडायचा. कर्ण्यापाशी उभ्या असलेल्याला खरं ऐकू येत नाही असा त्यांचा सिद्धांत होता, म्हणून त्यांची एकुलती एक मुलगी सुमती आत स्वयंपाकघरात बसून निकाल द्यायची. तिनं "बरं हाय" म्हटल्याशिवाय त्या घरात गाणं लागलं असं कुणी मानत नसे.

अशा घरात चिकोडीहून सुमतीला बघायला पाहुणे आले. स्थळ फार चांगलं, मध्यस्थ मी. हे जुळावं म्हणून माझी मेहुणी, म्हणजे आप्पांची बायको, आमची आक्का, महिनाभर देवापुढं बसली होती. मुलाला गाण्याचा नाद आहे हे कळल्यापासून तर आप्पांचे पाय जमिनीवर नव्हते. आता, दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि मग तोंडात काही घालायचं नाही, ही आम्हा सगळ्यांचीच रीत. पोळ्या तयार, पाट मांडलेले. तेवढ्यात आप्पांनी सगळ्यांना अडवलं. "आदी गाणं. भरल्या पोटी कान जड हुत्यात."

गाणं सुरू झालं. पाहुणे माना डोलवायला लागले, आणि आतून, नटवून बसवलेल्या मुलीचा खणखणीत आवाज आला, "आप्पा, उडतंय! येक सुपारी काढा!" मुलाच्या आईच्या भुवया वर गेल्या. आप्पा सुपारी काढतील तर शपथ! त्यांनी काटा बदलला, वाटी ठेवली, यंत्राखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, पुन्हा काटा बदलला. आक्का दारातून कळवळून म्हणाली, "अवो, ऊन कौलावर गेलं!" "झालंच की," आप्पा म्हणाले. ऊन कौलावरून माडाच्या शेंड्यावर गेलं आणि मग कुठंच राहिलं नाही. पोळ्या जागच्या जागी, पाहुणे उपाशी! मुलाच्या आईनं कानडीत नवऱ्याला "साकु, एळ्री" म्हणून पुरे झालं, उठा, असं सुनावलं. मुलाचे वडील पटका सावरत उठले. "आमी जेवायला आलतो, सुपाऱ्या बघाय न्हाय." आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मुलगा उठला आणि सरळ ग्रामोफोनपाशी गेला! त्यानं शांतपणे एक सुपारी सोडवून आप्पांच्या हातात दिली. काटा टेकताना आप्पांनी डोळे घट्ट मिटून घेतले. बाईचा आवाज चढला, आणखी चढला, आणि काटा जागचा हलला नाही! अहो, काय गाणं ते! मी मांडीवर थाप मारली. मुलाचे वडील उभे होते ते खाली बसले. मुलानं आतल्या दाराकडं बघून विचारलं, "आता कसं हाय?" आतून हळूच उत्तर आलं, "बरं हाय."

"सकाळी जेवूनच जाऊ," मुलाचे वडील म्हणाले. आक्कानं पदरानं डोळे पुसले, सगळीकडं हसूच हसू झालं. मी आप्पांकडं बघितलं. आजवर सुमतीनं तो निकाल फक्त त्यांना दिला होता. हातातल्या सुपारीकडं बघत ते उभे होते, आणि मला एकदम फार वाईट वाटलं.

लग्न थाटात झालं. पुढं एकदा निपाणीला गेलो तर आप्पा यंत्रापाशी उभे, गाणं चालू, आणि नजर आतल्या दाराकडं. काटा उडत होता की नव्हता, देव जाणे. मला त्यातलं काही कळत नाही. पण राहवलं नाही. उठून स्वयंपाकघरात गेलो, सुमती बसायची तिथं बसलो आणि ओरडलो, "झकास लागलंय, आप्पा!"

बाहेर सुपाऱ्या खडखडल्या. मग बाहेरून आप्पांचा आवाज आला.

"सपशेल चूक सांगितलंसा, मास्तर. पर बसा तितंच. आनी सांगत ऱ्हावा."