तिच्या भाषेतलं रडणं

बायकोने आणि मी मिळून शेवटचं काय केलं, तर मेथी निवडली. दुबईत, करामातल्या घरात, हॉलमध्ये पेपर पसरून. खालच्या लाँड्रीत इस्त्री करणारी आफ्रिकेतली बाई रोजच्यासारखी चहाला आली होती. मी पानांत काड्या टाकतो म्हणून दोघी मला शिव्या देत होत्या, त्या बाईच्या भाषेत. ऐकून ऐकून शिव्या तेवढ्या मला कळायच्या.

त्या बाईचं गाव उठलं, माणसं पांगली. इथे बहीण होती, ती वारली. मग त्या भाषेत बोलायला उरली माझी बायको. शाळा माझ्याइतकीच, म्हणजे नाहीच; पण कपडे देता-घेता सगळं उचललं हिने. एकदा मुलाने मोबाईलवर शोधलं. म्हणाला, "आई, ही भाषा बहुतेक मेली, असं लिहिलंय. धड कुणी लिहूनही ठेवली नाही."

"मग ही चहा पितेय ती कोण, भूत?"

मेथी फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको गेली. हार्ट. खलास.

दहन झालं त्या संध्याकाळी ती बाई आली, खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. त्यांच्यात मेलेल्याशी बोलत रडतात. तू हे केलंस, तू ते दिलंस. एकीने रडायचं, दुसरीने हुंकार द्यायचा. बहिणीच्या वेळी हुंकार माझ्या बायकोने दिला होता. आता ती थांबून थांबून वाट बघत होती, आणि देणारं कुणी नव्हतं.

सून धावली. "आंटी, प्लीज, नेबर्स कम्प्लेंट करतील." मुलगा तिला लिफ्टपर्यंत सोडून आला.

नेबर्स म्हणे. वर पार्ट्या चालतात तेव्हा कुठे मरतात हे नेबर्स? आमची माणसं हॉटेलात बसल्यासारखी हळू आवाजात रडली. एक बाई मनापासून रडली, तिलाच बाहेर काढलं. भाषा मेली म्हणून लिहिणाऱ्याला सांगा, ती कशी मरते ते. तिला कुणीतरी लिफ्टपर्यंत सोडून येतं.

"बाबा, रिलॅक्स," मुलगा म्हणाला.

सकाळी लाँड्री उघडायच्या आत खाली गेलो आणि तिला वर घेऊन आलो. सतरंजी घातली. मुलगा दार लावायला उठला.

"हात लावून बघ दाराला," म्हटलं.

मग बायकोच्या जागेवर बसलो. त्या बाईला म्हणालो, "अब बोलो. जोर से."

ती रडायला लागली. जिथे थांबली, तिथे मी हुंकार दिला.