पाळीवरून अनवाणी

अर्जुनी मोरगावच्या बसमध्ये मी मांडीवर लॅपटॉप उघडून एआयकडून कोड लिहून घेणारी दोन टूल्स ताडून पाहत होतो. दवाखान्यातल्या औषधांच्या डोसचा प्रोग्राम एआय लिहीत होतं. एक टूल त्याने बदललेली प्रत्येक ओळ दाखवून माझा होकार मागत बसायचं, डोकं उठायचं. दुसरं सगळं परस्पर उरकून टाकायचं. मला दुसरंच आवडलं होतं.

शेजारचे आजोबा चपला काढून बसले होते. "काय करून राहिला, बाबू?" त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. ते तळपाय चोळत म्हणाले,

"आमी तलाव बांधनारे लोक. पाळीवर, म्हंजे तलावाच्या बांधावर, माती दुसरे टाकत. मंग माहा बाप त्या पाळीवरून अनवाणी चाले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठं पोकळ हाय, ते पायालेच समजते."

"पूर्ण पाळ? कंटाळा नाही यायचा?"

"ये ना. पन खाली गाव रायते न, बाबू."

अर्जुनीला ते चपला हातात घेऊनच उतरले.

मी पहिलंच टूल वापरायचं ठरवलं. आता एकेक ओळ वाचतो. वाचताना टेबलाखाली चपला काढून ठेवतो. काऊन, ते ऑफिसात कोणाला सांगत नाही.