तेल लावलेलं डोकं

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितोय.

माझ्या नातीला फिट येतात. आज सांगलीहून एक मुलगी छोटं मशीन घेऊन आमच्या उंब्रजच्या घरी आली. डोक्याला तारा चिकटवायच्या, डबी कमरेला बांधायची आणि पोरीनं दिवसभर घरातच खेळायचं. मेंदूची नोंद आपोआप होत राहते.

तारा सोडवता सोडवता तिनं विचारलं, "केसांना तेल नाही ना लावलं? तेलावर ह्या चिकटत नाहीत."

मी उठून परड्यात गेलो.

सत्तरच्या दशकात माझी धाकटी बहीण सुमन हिलाही अशाच फिट यायच्या. तेव्हा मशीनपाशी आपणच जायचं, सांगलीला. परगावी डॉक्टरकडं न्यायचं म्हणून आईनं पहाटे तिच्या डोक्यावर तेल थापलं आणि चापूनचोपून दोन वेण्या घातल्या.

मशीनवाला खेकसला, "आवं बाई, ह्या तेलात काय चिकटणार? डोकं धुऊन सोमवारी आणा."

आई एवढंच म्हणाली, "पोरीला झिपरी आणायची व्हय डाक्टरकडं?"

दुसऱ्याच दिवशी सुमन कॅनॉलवर धुणं धुवायला गेली आणि तिथंच तिला फिट आली. पाण्यातून काढली तेव्हा वेण्या तशाच घट्ट होत्या.

तपासणी झाली असती तर ती वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. पण तेल लावू नका, एवढं आधी सांगायला कुणाचं काय जात होतं, तुम्हीच सांगा.

त्यानंतर आईनं घरात कुणाच्याच डोक्याला तेल लावलं नाही.